रकाना ‘निरंक’, प्रतवारी ‘अत्युत्कृष्ट’

मार्चअखेरची देयके मार्गी लागली, की सरकारी कार्यालयांत आणखी एक लगबग सुरू होते. तिची बातमी कधी होत नाही. वर्षभरात आपण काय केले, हे प्रत्येक अधिकाऱ्याने स्वतःच लिहून द्यायचे असते. या कागदाचे मराठी नाव ‘स्वयंमूल्यनिर्धारण अहवाल’. केंद्र सरकारच्या वेळापत्रकानुसार हा मजकूर १५ एप्रिलपर्यंत वरिष्ठाकडे पोहोचायला हवा. वरिष्ठाने तो आपल्या अभिप्रायासह ३० जूनपर्यंत पुढे पाठवायचा आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने जुलैअखेर त्यावर पुनर्विलोकनाची मोहोर उमटवायची. राज्यातही क्रम हाच. पहिल्याला प्रतिवेदन अधिकारी म्हणतात, दुसऱ्याला पुनर्विलोकन अधिकारी. पूर्वी हे सारे कागदी लखोट्यांतून चाले. आता केंद्रात ‘स्पॅरो’ आणि राज्यात ‘महापार’ या संगणकीय प्रणालीतून चालते.

माध्यम बदलले, पण एक रकाना बदललेला नाही. उद्दिष्टे अपूर्ण राहिली असल्यास ती कोणती व त्यामागची कारणे काय, असे विचारणारा हा रकाना आहे. त्यासमोर बहुतेक वेळा एकच शब्द सापडतो : ‘निरंक’. सरकारी मराठीतला हा शब्द मोठा सोयीचा आहे. काही नाही, सांगण्यासारखे नाही, विचारू नये, अशा तिन्ही छटा त्यात सामावतात.

राज्यात रिक्त पदांची ओरड आहे, प्रकल्प रखडल्याच्या बातम्या रोज येतात, लेखापरीक्षणात आक्षेपांचे ढीग निघतात. असे असताना ती कामे ज्यांच्या हातून जातात, त्यांच्या अहवालात अडचणींचा मागमूसही नसावा, ही विसंगती साधी नाही. शासनाला आपल्याच कारभाराची आतली खबर देणारा जो एकमेव नियमित दस्तऐवज आहे, तोच मुका झाला आहे. असे का व्हावे?

नमुन्यात दोष आहे, असे म्हणता येत नाही. उलट तो बऱ्यापैकी विचारपूर्वक केलेला आहे. अखिल भारतीय सेवांतील अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनाचा फेरविचार करण्यासाठी सुरिंदर नाथ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००३ मध्ये आला आणि २००७ मध्ये नवे नियम लागू झाले. नव्या नमुन्यात अधिकाऱ्याने आपल्या कामाचे स्वरूप लिहायचे, वर्षारंभी ठरलेली उद्दिष्टे व प्रत्यक्ष साध्य शेजारी शेजारी मांडायचे, एखादी असाधारण कामगिरी असल्यास ती सुमारे १०० शब्दांत नोंदवायची आणि आपल्या कामात कोणत्या गोष्टी आड आल्या, हेही सांगायचे, अशी रचना आहे. म्हणजे बढाई आणि कबुली या दोहोंसाठी कागदावर जागा आहे. भरली जाते ती पहिली.

ती कशी भरली जाते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका तालुक्यातील कृषी अधिकाऱ्याला वर्षभरात ४०० शेततळ्यांचे उद्दिष्ट मिळाले आणि २२० शेततळी झाली. कृषी सहायकांची काही पदे रिकामी होती, निवडलेल्या काही गावांत खाली कातळ लागला आणि काही शेतकऱ्यांचे अनुदान आधीच्या वर्षीचेच थकल्याने त्यांनी नव्याने हात घातला नाही. ही माहिती जशीच्या तशी वर गेली, तर पुढल्या वर्षीचे उद्दिष्ट ठरवणाऱ्याला तिचा थेट उपयोग आहे. प्रत्यक्षात अहवालात उतरते ते असे : ‘अपुऱ्या मनुष्यबळातही अथक परिश्रम घेऊन २२० शेततळी यशस्वीरीत्या पूर्ण केली.’ ४०० हा आकडा वाक्यातून गळून पडतो. रिक्त पदे ही अडचण न राहता पराक्रमाची पार्श्वभूमी होते. कातळाचा उल्लेख नाही, थकलेल्या अनुदानाचा तर नाहीच. कारण ते वरिष्ठ कार्यालयाचे अपयश आहे आणि अहवाल वाचणारा त्याच कार्यालयात बसलेला आहे. पुढील वर्षी त्याच गावांना पुन्हा ४०० चे उद्दिष्ट मिळते.

‘अतिरिक्त कार्यभार’ हा असाच दुसरा वाक्प्रयोग. एकाच अधिकाऱ्याकडे दोन-तीन पदांचा भार असणे हे प्रशासनाच्या आजाराचे लक्षण आहे. स्वयंमूल्यनिर्धारणात मात्र तो दागिन्यासारखा मिरवला जातो. दोन कार्यालये सांभाळताना दोन्हीकडचे काय काय सुटले, ते कोणी लिहीत नाही.

या अधिकाऱ्याला अप्रामाणिक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या खुर्चीवर बसून हिशेब मांडला, तर तो फारसा चुकत नाही, हे ध्यानात येते. केंद्रीय पद्धतीत १ ते १० गुणांची श्रेणी आहे. ८ ते १० गुण म्हणजे ‘अत्युत्कृष्ट’, ६ ते ८ च्या आत ‘अतिशय चांगला’, ४ ते ६ च्या आत ‘चांगला’. त्याखाली गेलेल्याच्या वाट्याला पदोन्नतीच्या हिशेबात शून्य येते. राज्यातील प्रतवारीची भाषा जरा वेगळी असून तीत ‘निश्चित चांगला’ अशी एक मजेदार पायरी आहे. ‘चांगला’ असणे कुठे अनिश्चित ठरते, हे ती प्रतवारी मिळालेलाच सांगू शकेल. पदोन्नतीच्या वेळी साधारण मागील पाच वर्षांचे अहवाल पाहिले जातात. त्यांतले एक वर्ष जरी खाली घसरले, तरी गणित बिघडू शकते.

सातव्या वेतन आयोगाने हे गणित आणखी कडक केले. पदोन्नती न मिळालेल्या कर्मचाऱ्याला १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देण्याची जी केंद्रीय योजना आहे, तिच्यासाठी पूर्वी ‘चांगला’ हा शेरा पुरत असे. आयोगाची शिफारस स्वीकारून केंद्राने जुलै २०१६ मध्ये ही अट ‘अतिशय चांगला’ अशी वाढवली. गुणवत्तेला उत्तेजन हा हेतू उघड होता. परिणाम असा, की ‘चांगला’ या शब्दाचा अर्थच ‘नापास’ झाला. राज्य सरकारच्या अशाच योजनेचे नाव ‘सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना’ आहे. प्रगती आश्वासित, तिचा दाखला स्वतःच लिहायचा आणि त्या दाखल्यावर पगार ठरायचा. वयाच्या ५० किंवा ५५ व्या वर्षी सेवेत ठेवायचे की सक्तीने निवृत्त करायचे, याच्या पुनर्विलोकनातही हीच कागदपत्रे निघतात. अशा वेळी ‘माझी १८० शेततळी राहिली’ हे वाक्य कोण लिहील?

येथे देव दत्त यांच्या प्रकरणाची आठवण काढणे आवश्यक आहे. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील या कार्यकारी अभियंत्याला अधीक्षक अभियंतापदी पदोन्नती नाकारली गेली, कारण १९९३-९४ या एका वर्षी त्याच्या अहवालात ‘अतिशय चांगला’ऐवजी ‘चांगला’ असा शेरा होता. हा शेरा त्याला कळवलाच गेला नव्हता. नियमाप्रमाणे केवळ प्रतिकूल शेरे कळवायचे असत आणि ‘चांगला’ हा प्रतिकूल कसा म्हणायचा, असा सरकारचा युक्तिवाद होता. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ज्या शेऱ्यामुळे पदोन्नती अडते, तो शब्दाने कितीही गोड असला तरी परिणामाने प्रतिकूलच होय. म्हणून अहवालातील प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे, असा हा निर्णय होता. देव दत्त तोवर सेवानिवृत्त झाले होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही हेच तत्त्व कायम केले.

त्यानंतर केंद्राने मे २००९ मध्ये ‘गोपनीय’ हा शब्दच काढून टाकला. वार्षिक गोपनीय अहवालाचा ‘वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल’ झाला. तो संपूर्ण, अगदी सचोटीविषयीच्या अभिप्रायासह, संबंधिताला दाखवायचा आणि त्यावर म्हणणे मांडायला १५ दिवस द्यायचे, असे ठरले. बंद लखोट्यातून एखाद्याचे करिअर संपवण्याची वरिष्ठाची मुभा त्यामुळे गेली. प्रशासनातील ही गेल्या काही दशकांतील अत्यंत न्याय्य सुधारणांपैकी एक, याबद्दल दुमत नसावे.

तिची दुसरी बाजू मात्र फारशी चर्चिली गेली नाही. जे लिहायचे ते समोरच्याला दिसणार, तो त्यावर लेखी हरकत घेणार आणि प्रत्येक कमी गुणाचे समर्थन पुराव्यानिशी करावे लागणार, हे कळल्यावर प्रतिवेदन अधिकाऱ्यानेही सुटकेचा मार्ग शोधला. तो ९ गुण देऊ लागला. भांडणापेक्षा ९ बरे. कार्यालयात रोज ज्याच्याकडून काम करून घ्यायचे, त्याला दुखवून मिळणार काय? शिवाय वरिष्ठाचा स्वतःचा अहवाल आणखी वरच्याकडे जाणार असतो. हाताखालचे सगळे ‘अत्युत्कृष्ट’ असतील, तर त्याचे नेतृत्वही आपोआप तसेच ठरते. अशा रीतीने लिहिणारा, तपासणारा आणि पुनर्विलोकन करणारा या तिघांचेही हित एकाच दिशेला वळले. आपला अभिप्राय नोंदवण्यासाठी प्रतिवेदन अधिकाऱ्याने किमान तीन महिने काम पाहिलेले असावे, अशी अट आहे. बदल्यांच्या हंगामात एका वर्षाचे दोन-तीन तुकडे होतात. मग आता दुसऱ्या जिल्ह्यात असलेला वरिष्ठ तिथून मागच्या वर्षीच्या तीन महिन्यांचा अभिप्राय लिहितो. त्याच्यापुढे आधार एकच असतो : कनिष्ठाने स्वतःविषयी स्वतः लिहिलेला मजकूर.

अव्वल श्रेणीचा इतका सुकाळ झाल्यावर निवड करायची कशी, हा प्रश्न दिल्लीलाही पडला. केंद्रातील सहसचिव व त्यावरील पदांच्या निवडीसाठी २०१५ पासून बहुस्रोत अभिप्रायाची, ज्याला इंग्रजीच्या धर्तीवर ‘३६० अंशांचे मूल्यमापन’ म्हटले जाते, तशी पद्धत सुरू झाली. वरिष्ठ, सहकारी, कनिष्ठ अशा अनेकांकडून खासगीत मत घ्यायचे. म्हणजे गोपनीयता पुढच्या दाराने बाहेर गेली आणि मागच्या दाराने परतली. २०१७ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या पद्धतीवर अपारदर्शक व व्यक्तिनिष्ठ असल्याची टीका केली, ती रास्तच होती. पण लेखी अहवालावरचा विश्वास उडाल्याची कबुली या पद्धतीतच आहे.

नागरिकाला यातले काही दिसत नाही. कर्मचाऱ्याची कामगिरी हा तो व त्याचा नियोक्ता यांच्यातील विषय असून ती वैयक्तिक माहिती ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका माहिती अधिकाराच्या प्रकरणात म्हटले. व्यक्तीच्या खासगीपणाचा विचार करता ते समजण्यासारखे आहे. मात्र त्यामुळे आपल्या प्रभागातील पाणीपुरवठा विस्कळीत असताना त्या खात्याच्या अधिकाऱ्याने स्वतःविषयी काय लिहिले, हे तपासण्याचा मार्ग करदात्याला उरत नाही.

व्यक्तीच्या कागदावर जे घडते, तेच योजनेच्या पातळीवर मोठ्या अक्षरांत दिसते. ‘जलयुक्त शिवार’ अभियान राबवले जात होते, तेव्हा झालेली कामे, गाळ काढलेले नाले, जलपरिपूर्ण झालेली गावे यांची आकडेवारी नियमित प्रसिद्ध होत असे. अंतर्गत अहवालांनुसार प्रगती जोमाची होती. सप्टेंबर २०२० मध्ये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. यावरून राजकीय धुळवड झाली, ती वेगळी. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की गावपातळीवरच्या यंत्रणेला हे आधी दिसले नसेल, असे मानणे कठीण आहे. विहिरीची पातळी तलाठ्याला आणि कृषी सहायकाला दिल्लीच्या लेखापरीक्षकापेक्षा आधी कळते. ते वर जाण्याचा रस्ता मात्र ‘निरंक’ या शब्दाने बंद केलेला असतो.

या पार्श्वभूमीवर २०२५ मध्ये राज्यात झालेला एक प्रयोग लक्षणीय म्हणावा लागेल. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने विभागांना १०० दिवसांचा कृती आराखडा करायला सांगितले आणि १ मे रोजी त्याचा निकाल जाहीर केला. एकूण ९०२ मुद्द्यांपैकी ७०६ पूर्ण झाले, १९६ राहिले. १२ विभागांनी १०० टक्के उद्दिष्टे गाठली. बातम्यांच्या मथळ्यांत आणि अभिनंदनाच्या फलकांवर हे १२ विभाग झळकले. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते त्या निकालातला मोलाचा आकडा १९६ हा होता. आपल्याच विभागांचे काय राहिले, हे सरकारने आकड्यासह सांगितल्याची उदाहरणे विरळा आहेत.

१०० टक्क्यांविषयी एक शंका मात्र उरतेच. आराखडा विभागानेच मांडायचा आणि पूर्ततेचे गुणही त्यावरच मिळायचे, अशा व्यवस्थेत शहाणा विभाग प्रमुख काय करील? हाताशी आलेली, निम्मी झालेली, शासन निर्णय काढला की पूर्ण म्हणता येतील अशी कामे तो यादीत घालील. ज्या विभागाने अवघड उद्दिष्टे घेतली आणि ७० टक्के गाठली, तो या यादीत खाली दिसेल. सगळ्या विभागांनी असेच केले, असे सुचवायचे नाही. पण निकालाच्या तक्त्यातून दोघांतला फरक कळत नाही, एवढे निश्चित. केंद्राने हा अनुभव आधी घेतलेला आहे. २००९ मध्ये मंत्रालयांसाठी ‘निष्पत्ती आराखडा’ या नावाची पद्धत सुरू झाली होती. वर्षारंभी प्रत्येक मंत्रालयाने आपली उद्दिष्टे व त्यांचे भारांक लिहून द्यायचे आणि वर्षअखेर गुण काढायचे. उद्दिष्टे सोपी ठेवण्याच्या प्रवृत्तीवर तेव्हाही टीका झाली. २०१४ मधील सत्ताबदलानंतर ती पद्धत गुंडाळली गेली. गुणांचे तक्ते नंतर कोणी उघडून पाहिले असतील, असे वाटत नाही.

उच्च शिक्षणातले चित्र वाचकांना ठाऊक आहेच. ‘नॅक’च्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयाला ‘स्वयंअध्ययन अहवाल’ सादर करावा लागतो. २०१७ च्या सुधारित पद्धतीत सुमारे ७० टक्के भार संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीवर आला. अहवाल लिहून देणाऱ्या सल्लागारांचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. प्राध्यापक वर्ग सोडून पुराव्यांच्या फायली जुळवू लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका संस्थेला वरची श्रेणी मिळवून देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने मूल्यांकन समितीतील सदस्यांसह दहा जणांना अटक केली. त्या प्रकरणाचा न्याय न्यायालय करील. पण त्याआधीच, जानेवारी २०२४ मध्ये, श्रेणींऐवजी केवळ ‘मानांकित’ वा ‘मानांकित नाही’ एवढाच निवाडा देण्याची दिशा ‘नॅक’ने जाहीर केली होती. शिडीला पायऱ्या जितक्या जास्त, तितकी ती चढण्यासाठी रचलेली कहाणी लांब, हा धडा तिथे उशिरा का होईना, उमगलेला दिसतो.

खासगी क्षेत्र याहून निराळे आहे, अशी समजूत असेल तर हिंजवडी किंवा ऐरोलीच्या एखाद्या कंपनीत ‘अप्रेझल’च्या दिवसांत डोकावावे. तिथेही कर्मचारी आधी स्वतःचे मूल्यमापन लिहितो, मग व्यवस्थापक त्यावर श्रेणी देतो. अनेक ठिकाणी श्रेणींचा वाटा आधीच ठरलेला असतो. अमुक टक्के वर, अमुक टक्के खाली, मधला फुगवटा. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याशीच स्पर्धा असताना ‘या प्रकल्पात माझा अंदाज चुकला’ असे लिहिणे म्हणजे स्वतःच्या हाताने खालच्या टोकाला जाऊन बसणे. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी सक्तीची क्रमवारी बंद केली, त्यामागे सहकार्याऐवजी कुरघोडी वाढते, हेच कारण होते. अलीकडे तर हा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून लिहून घेतला जातो, आणि तो वाचायला व्यवस्थापकालाही तीच साधने मदतीला येतात. माणसाने स्वतःच्या वर्षाकडे पाहावे, म्हणून निघालेला कागद दोन यंत्रांच्या आपसांतल्या पत्रव्यवहारासारखा होऊ लागला आहे.

मग आपली चूक आपणच खरी लिहून देणे मनुष्यस्वभावात बसतच नाही काय? तसे म्हणता येत नाही. एका क्षेत्राने ते जवळपास पन्नास वर्षे करून दाखवले आहे. ते म्हणजे विमानवाहतूक.

१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरणारे ‘टीडब्ल्यूए’ कंपनीचे विमान डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ जण ठार झाले. उतरण्याची परवानगी आणि नकाशावरील उंचीचे आकडे यांचा वैमानिकांनी लावलेला अर्थ नियंत्रण कक्षाच्या अर्थाहून वेगळा होता. चौकशीत निष्पन्न झाले, की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी ‘युनायटेड’ या दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांचाही त्याच मार्गावर नेमका तोच गैरसमज झाला होता आणि ते थोडक्यात बचावले होते. त्यांनी आपली चूक कंपनीला कळवली. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. मात्र ती माहिती ‘टीडब्ल्यूए’पर्यंत पोहोचली नाही. खरे लिहिलेला एक कागद अस्तित्वात होता. तो योग्य टेबलावर नव्हता.

त्यानंतर अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने वैमानिकांना आपल्या चुका स्वेच्छेने कळवायला सांगितले. प्रतिसाद यथातथाच राहिला, कारण उघड होते : जो परवाना रद्द करू शकतो, त्यालाच आपला गुन्हा सांगायचा. तेव्हा प्रशासनाने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. अहवाल स्वीकारण्याचे काम १९७६ पासून ‘नासा’कडे दिले. ‘नासा’ला कोणावरही कारवाई करण्याचा अधिकार नाही. ती अहवालातून नाव-गाव काढून टाकते आणि चुकीचा प्रकार तेवढा प्रसिद्ध करते. घटना अजाणतेपणी घडलेली असेल, तीत अपघात वा फौजदारी गुन्हा नसेल आणि दहा दिवसांच्या आत अहवाल पाठवला असेल, तर वैमानिकाला दंड वा परवाना निलंबनापासून संरक्षण मिळते. तेव्हापासून तिथे लाखो अहवाल जमा झाले आहेत. तिथले वैमानिक आपल्या तालुक्यातील अधिकाऱ्यापेक्षा स्वभावाने अधिक सत्यवादी आहेत, असे नव्हे. लिहिलेला कागद कोणाकडे जातो, एवढाच फरक आहे.

आपल्याकडे एकाच नमुन्यावर दोन परस्परविरोधी कामे लादली आहेत. पदोन्नतीचा अर्जही तोच आणि कामातल्या अडथळ्यांची कैफियतही तीच. अर्जदार आपल्याविरुद्ध पुरावा देत नाही. म्हणून ही दोन कामे वेगळी करण्याखेरीज उपाय दिसत नाही. बढतीसाठीचा अहवाल आहे तसा राहू द्यावा, फार तर तो आखूड करावा. उद्दिष्टे का राहिली, याची नोंद मात्र स्वतंत्र टिपणात, वरिष्ठाच्या हाती न पडता, नियोजन विभाग किंवा ‘यशदा’सारख्या प्रशिक्षण संस्थेकडे जावी. तिच्यावरून कोणाला गुण मिळू नयेत की कोणाचे गुण जाऊ नयेत. राज्यभरातून आलेल्या अशा टिपणांत ‘कातळ’, ‘थकलेले अनुदान’, ‘रिक्त पद’ हे शब्द किती वेळा येतात, एवढे मोजले तरी पुढील वर्षीच्या अर्थसंकल्पाला मदत होईल. यात तक्रारखोरीला वाव मिळेल, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. आळशी माणूसही सगळा दोष परिस्थितीवर ढकलील. परंतु शंभर गावांतून एकच कारण येऊ लागले, तर आळस आणि अडचण यांतला भेद आपोआप कळतो. आज तो कळायला मार्गच नाही.

मुख्य अहवालातही एक छोटा बदल नियमानेच करता येईल. साध्याचा आकडा उद्दिष्टाच्या व आधीच्या वर्षीच्या आकड्याशिवाय स्वीकारू नये, असे संगणकीय प्रणालीलाच सांगावे. ‘२२० शेततळी’ हे वाक्य ‘४०० पैकी २२०, गतवर्षी १६०’ असे लिहिणे भाग पडले, की त्यातली प्रौढी बरीचशी उतरते. आणि गतवर्षीपेक्षा खरोखर पुढे गेलेल्या अधिकाऱ्याचे श्रेयही ठळक होते. आज ते विशेषणांच्या गर्दीत हरवते. अडचणींच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिणाऱ्याला प्रणालीने एक पूरक प्रश्न विचारावा : उद्दिष्ट पूर्ण झाले नसेल, तर अडचण निरंक कशी? याला खर्च येत नाही. प्रतिवेदन अधिकाऱ्यांपैकी काहींचे अभिप्राय दरवर्षी यादृच्छिक पद्धतीने निवडून प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहिले, तर ९ गुणांची खिरापतही काहीशी आवरेल.

सामान्य प्रशासन विभागाने हे करायचे ठरवले, तर सुरुवातीसाठी नमुना त्याच्याकडेच आहे. १०० दिवसांच्या कार्यक्रमात जे १९६ मुद्दे अपूर्ण राहिल्याचे सरकारने १ मे २०२५ रोजी स्वतः जाहीर केले, त्यांतील प्रत्येक मुद्दा कोणत्या ना कोणत्या अधिकाऱ्याकडे सोपवलेला होता. त्या काळातील त्यांचे स्वयंमूल्यनिर्धारण अहवाल ‘महापार’वर उपलब्ध असायला हवेत. त्या अहवालांतील अडचणींचा रकाना उघडून किती ठिकाणी ‘निरंक’ आहे, हे मोजायला नवी समिती नेमावी लागणार नाही.